एकाच न्यूजरीडरमध्ये दोन-तीन न्यूज सर्व्हर: सेटिंग अन् भानगडी

युझनेट म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चेच्या ग्रुपांचं जाळं, त्याच्या पोस्टी न्यूज सर्व्हरवर असतात आणि न्यूजरीडर नावाच्या सॉफ्टवेअरने वाचतात. गुगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून युझनेटवर पोस्ट टाकणं बंद केलं, नवीन पोस्ट दाखवणंही बंद केलं, तेव्हापासून जुने लोक परत न्यूजरीडरकडे वळून राहिले अन् काही पोट्टे तर हे प्रकरण पहिल्यांदाच पाहून राहिले. एक सर्व्हर जोडला तोवर सगळं मस्त चालते. मग कोणीतरी सांगतं की मेलिंग लिस्टा वाचायला जीमेन पण जोड, बॅकअपला आणखी एक ठेव, आणि तिथून भानगड सुरू होते. वाचलेल्या पोस्टी परत नवीन दिसतात, रिप्लाय जात नाही, एका सर्व्हरवर ग्रुप दिसतो दुसऱ्यावर नाही, आणि माणूस म्हणतो की सॉफ्टवेअरच भंगार आहे. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ठीकच असतं भौ.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी अर्ध्या भानगडी तिच्यातूनच सुटतात. युझनेटवरच्या प्रत्येक पोस्टला दोन ओळखी असतात. एक मेसेज-आयडी, कोनी कंसातला (< >) तो लांबलचक पत्ता, तो जगभर सगळ्या सर्व्हरवर सेमच राहतो. दुसरा आर्टिकल नंबर, आणि हा नंबर ज्याचा त्याचा सर्व्हर स्वतःच देतो, पोस्ट त्याच्याकडे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने. आपल्या नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यातलं टोकन घेऊन तुम्ही रामदासपेठेतल्या दुसऱ्या दवाखान्यात गेले तर तिथं ते कोण विचारते? तसंच आहे हे. एकाच ग्रुपमधली तीच पोस्ट एका सर्व्हरवर ४१२०० नंबरची असेल तर दुसऱ्यावर ९०३ नंबरची असू शकते, दोघंही बरोबर.

आता न्यूजरीडर काय वाचलं काय नाही हे लक्षात कसं ठेवते? न्यूजआरसी नावाच्या फाईलमध्ये. साधी टेक्स्ट फाईल असते, एका ओळीत ग्रुपचं नाव, पुढे कोलन (:) असला तर सबस्क्राईब केलेला, उद्गारचिन्ह असलं तर नाही, आणि मग वाचलेल्या नंबरांची रेंज, म्हणजे १-४१२००. लक्षात आलं ना? फाईलमध्ये नंबर लिहिलेले आहेत, मेसेज-आयडी नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हरची न्यूजआरसी वेगळीच पाहिजे, आणि एकाची फाईल दुसऱ्याला दिली की गोंधळ पक्का. थंडरबर्ड आणि पॅन हे न्यूजरीडर ही फाईल सर्व्हरगणिक आपोआप वेगळी ठेवतात. टर्मिनलवर चालणारा एसएलआरएन न्यूजरीडर वापरत असाल तर कॉन्फिग फाईलमध्ये सर्व्हरची ओळ लिहिताना त्याच ओळीत त्याच्या न्यूजआरसीचं नाव द्यावं लागतं, तिथं दोन सर्व्हरांना एकच नाव देऊ नका म्हणजे झालं.

सर्व्हर जोडताना

थंडरबर्डमध्ये प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक वेगळं न्यूजग्रुप अकाउंट. ईमेल अकाउंटचा पर्याय दाबू नका, न्यूजग्रुपचा वेगळा आहे, तो शोधा. नाव, ईमेल, सर्व्हरचा पत्ता टाकला की अकाउंट तयार होते, पण लगेच ग्रुप शोधायला धावू नका, आधी सर्व्हर सेटिंग्जमध्ये जा. कनेक्शन सिक्युरिटी एसएसएल/टीएलएस करा (म्हणजे पासवर्ड अन् बाकी सगळं कुलूपबंद होऊन जाते) आणि पोर्ट ५६३ आहे का पाहा. ११९ हा साधा पोर्ट, त्यावर पासवर्ड उघडाच जातो, आणि ऑफिस-कॉलेजच्या नेटवर्कवर तो बरेचदा बंदच असतो. मिहानकडच्या ऑफिसात बसून जोडून राहिले असाल आणि घरी चालते पण तिथं नुसतं चाक फिरत राहते, तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या. काही सर्व्हर आणखी एखाद्या पोर्टवरही ऐकतात, ते त्यांच्या साईटवर लिहिलेलं असतं.

त्याच पानावर "कनेक्ट होताना नेहमी लॉगिन मागा" अशा अर्थाचा एक चौकोन आहे. तो टिक करा. काहून, तर काही सर्व्हर लॉगिन न करता पण आत घेतात पण ग्रुप कमी दाखवतात, किंवा वाचू देतात आणि पोस्ट टाकायच्या वेळेसच अडवतात. माणूस मग तासभर म्हणत बसतो की ग्रुप गायब आहे. ग्रुप तिथंच असतो, आपण पाहुणे म्हणून आत गेलेले असतो.

इटर्नल सप्टेंबर हा सर्व्हर बहुतेकांची सुरुवात असते, फुकट आहे, रजिस्ट्रेशन लागते, फक्त टेक्स्ट ग्रुप आहेत, फाईलींचे बायनरी ग्रुप नाहीत. जीमेन वेगळं प्रकरण आहे, तिथं मेलिंग लिस्टा न्यूजग्रुपसारख्या दिसतात. २०२० मध्ये त्याचा पत्ता बदलला, आता शेवटी डॉट आयओ आहे, जुन्या कुठल्या लेखात डॉट ओआरजी वाला पत्ता दिसला तर तो टाकू नका. या दोघांमध्ये एक फरक आहे जो लोक विसरतात, तो म्हणजे ईमेल पत्ता. युझनेटवर स्पॅमच्या भीतीने बरेच लोक शेवटी डॉट इनव्हॅलिड लावलेला खोटा पत्ता देतात, ते चालते, तशी पद्धतच आहे. पण जीमेनवर पोस्ट टाकली की ती खऱ्या मेलिंग लिस्टवर जाते आणि पहिल्यांदा टाकताना खात्री करायला तुमच्या पत्त्यावर मेल येतो. पत्ताच खोटा असला तर मेल येणार कुठं? पोस्ट लटकून राहते, एररही दिसत नाही. म्हणून दोन्ही अकाउंटमध्ये ईमेल वेगवेगळा ठेवा.

पॅन वाल्यांचं गणित जरा निराळं आहे आणि माझ्या मते बहु-सर्व्हरसाठी तेच जास्त शहाणं आहे. पॅन सगळ्या सर्व्हरांचे ग्रुप एकाच यादीत मिसळून दाखवते, आणि तीच पोस्ट दोन्हीकडे असली तर मेसेज-आयडीवरून ओळखून एकदाच दाखवते. प्रत्येक सर्व्हरला तिथं दर्जा द्यायचा असतो, प्रायमरी किंवा फॉलबॅक. आधी प्रायमरीकडे मागते, तिथं नाही सापडलं तर फॉलबॅककडे जाते. सगळ्यांनाच प्रायमरी करून ठेवू नका, त्याने बॅकअपचा अर्थच राहत नाही. आणि पोस्टिंग प्रोफाईलमध्ये "या सर्व्हरमार्फत पोस्ट करा" असं एक खानं आहे, ते बघितलंच पाहिजे. जीमेनच्या ग्रुपवर रिप्लाय देऊन राहिले आणि प्रोफाईलमध्ये दुसराच सर्व्हर निवडलेला आहे तर पोस्ट नाकारली जाणार, कारण जीमेनचे ग्रुप फक्त जीमेनवरच आहेत. प्रत्येक सर्व्हरसाठी एक प्रोफाईल बनवा आणि ग्रुपच्या प्रेफरन्समध्ये जाऊन ती त्या ग्रुपला लावून टाका, मग दरवेळी आठवत बसायला नको.

थंडरबर्डमध्ये हे मिसळणं होत नाही. तोच ग्रुप दोन अकाउंटमध्ये घेतला तर तो दोन वेगळे ग्रुप म्हणूनच दिसणार, इकडे वाचलं ते तिकडे न वाचलेलंच. यावर उपाय नाही, फक्त शिस्त आहे: एक ग्रुप एकाच सर्व्हरवर सबस्क्राईब करा. दुसरा सर्व्हर नुसता जोडून ठेवा, पहिला बंद पडला की वापरायला. फिल्टर पण तिथं अकाउंटगणिक असतात, त्यामुळे एखाद्या त्रासदायक माणसाला एका अकाउंटमध्ये गप्प केलं म्हणून तो दुसरीकडे गप्प होत नाही राजेहो. पॅन आणि एसएलआरएनमध्ये स्कोअर फाईल (कोणाला वर दाखवायचं, कोणाला गप्प करायचं याचे नियम) ग्रुपच्या नावावर चालते, तिथं हा ताप नाही.

बिघडलं तर आधी कोण दोषी ते ठरवा

न्यूजरीडर "काहीतरी चुकलं" एवढंच सांगतो कधीकधी. पण न्यूज सर्व्हर (त्याची बोलायची भाषा म्हणजे एनएनटीपी) प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तीन आकडी नंबर देतो आणि तो नंबर खोटं बोलत नाही. पॅनमध्ये फाईल मेनूत इव्हेंट लॉग आहे, तिथं दिसेल. हे नंबर माहीत असले की काम सोपं होते.

२०० म्हणजे या, पोस्टही टाका. २०१ म्हणजे वाचा फक्त. ४११ म्हणजे असा ग्रुप माझ्याकडे नाही. नावात टायपो असेल किंवा तो ग्रुप त्या सर्व्हरवर येतच नाही. ४२३ म्हणजे या नंबरची पोस्ट नाही, ४३० म्हणजे या मेसेज-आयडीची पोस्ट नाही. ४८० लॉगिन करा म्हणते, ४८१ लॉगिन चुकलं म्हणते, ४८३ म्हणजे आधी टीएलएस लावा मग बोला. ४४० म्हणजे इथं पोस्ट टाकायची परवानगीच नाही, आणि ४४१ म्हणजे तुम्ही पाठवलं पण मी घेतलं नाही, कारण बहुतेक पुढे लिहिलेलं असतं, ते वाचा. ५०२ म्हणजे प्रवेश नाही, आणि पैशाच्या सर्व्हरवर याचा अर्थ बरेचदा एकाच वेळेस जास्त कनेक्शन उघडली असा निघतो, ती कमी करा. ४०० आला तर सर्व्हर आत्ता सेवा देऊन नाही राहिला किंवा तुम्ही खूप वेळ गप्प बसले म्हणून त्याने लाईन कापली, परत जोडा.

४८१ आला आणि पासवर्ड तर बरोबर आहे असं वाटते, तर बघा की थंडरबर्ड जुनाच सेव्ह केलेला पासवर्ड पाठवून राहिला का. सेव्ह केलेल्या पासवर्डच्या यादीत जाऊन त्या सर्व्हरची नोंद उडवा, मग ते परत विचारेल. दोन सर्व्हरांचे युजरनेम वेगळे असतात आणि एकाचं दुसऱ्यात टाकणं हे फार कॉमन आहे.

न्यूजरीडरवर विश्वासच नसेल तर त्याला बाजूला ठेवा आणि सर्व्हरशी थेट बोला. टर्मिनल उघडा, ११९ साठी टेलनेट, ५६३ साठी ओपनएसएसएलचा एस-क्लायंट (s_client), सोबत सीआरएलएफ वाला पर्याय (-crlf) लावा. कमांडी अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या. जोडल्याबरोबर २०० किंवा २०१ आला म्हणजे नेट, पोर्ट, फायरवॉल सगळं ठीक. मग ऑथइन्फो युजर (AUTHINFO USER) आणि तुमचं युजरनेम, उत्तर ३८१ येईल, मग ऑथइन्फो पास (AUTHINFO PASS) आणि पासवर्ड, उत्तर २८१ आलं की लॉगिन झालं. आता ग्रुप लिहून पुढे ग्रुपचं नाव द्या, समजा कॉम्प डॉट लँग डॉट सी. उत्तरात २११ आणि पुढे तीन आकडे येतात: अंदाजे किती पोस्टी, सगळ्यात लहान नंबर, सगळ्यात मोठा नंबर. हेच दुसऱ्या सर्व्हरवर करून पाहा, आकडे पूर्ण वेगळे दिसतील.

आणि ही कमांड तर सोनं आहे: स्टॅट (STAT), पुढे कोनी कंसासकट मेसेज-आयडी. २२३ आला म्हणजे पोस्ट त्या सर्व्हरवर आहे, ४३० आला म्हणजे नाही. "अमक्याची पोस्ट मला दिसत नाही" या तक्रारीचा निकाल इथंच लागतो. दोन्ही सर्व्हरवर विचारा. एकावर आहे, दुसऱ्यावर नाही, तर न्यूजरीडर निर्दोष. स्पॅम फिल्टर प्रत्येक सर्व्हरचा आपला असतो, किती दिवस पोस्टी ठेवायच्या हे पण ज्याचं त्याचं, आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोस्ट पोचायला कधी काही सेकंद लागतात कधी बराच वेळ. पोस्ट कुठून कुठून फिरून आली ते पाथ नावाच्या हेडरमध्ये (पोस्टीच्या वरच्या माहितीच्या ओळींपैकी एक) दिसते, उद्गारचिन्हांनी वेगळी केलेली सर्व्हरांची नावं, उजवीकडून डावीकडे वाचायची.

सगळं परत नवीन दिसून राहिलं, किंवा नवीन काहीच येत नाही

ही दोन्ही एकाच दुखण्याची दोन तोंडं आहेत. सर्व्हरने मशीन बदललं किंवा नंबर पहिल्यापासून मोजायला लागला, किंवा तुम्ही अकाउंट तेच ठेवून नुसता सर्व्हरचा पत्ता बदलला. न्यूजआरसीत लिहिलं आहे की १-४१२०० वाचलं, आणि नवीन सर्व्हरवर आत्ता ९०३ चालू आहे. न्यूजरीडरच्या हिशोबाने तुम्ही हे सगळं वाचून बसलेले आहात, मग नवीन काय दाखवणार? उलट झालं, म्हणजे जुन्याचे नंबर लहान आणि नव्याचे मोठे, तर हजारो पोस्टी न वाचलेल्या म्हणून अंगावर येतात.

हजारो पोस्टी अंगावर आल्या तर उपाय सोपा आहे, ग्रुप पूर्ण वाचला असं मार्क करा आणि पुढे चला. थंडरबर्ड ५०० पेक्षा जास्त असले की विचारते किती हेडर आणू, तिथं ५०० वरच थांबा आणि बाकीचे वाचलेले म्हणून मार्क करायला सांगा. नवीन काहीच येत नसलं तर ग्रुप अनसबस्क्राईब करून परत सबस्क्राईब करा, आणि तरी नाही झालं तर न्यूजआरसी फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्या ग्रुपपुढची रेंज खोडा, ग्रुपचं नाव आणि कोलन तेवढं ठेवा. पण न्यूजरीडर आधी पूर्ण बंद करा! चालू असताना फाईल बदलली तर बंद होताना तो आपली जुनी माहिती परत त्यावर लिहितो आणि तुमची मेहनत वाया. फाईलची कॉपी काढून ठेवणं हे वेगळं सांगायला नको. आणि सर्व्हर बदलायचाच असेल तर जुन्या अकाउंटमध्ये पत्ता बदलत बसण्यापेक्षा नवीन अकाउंट बनवा, निम्मी कटकट तिथंच वाचते.

ग्रुपच्या यादीत एखादा ग्रुप दिसतच नसला तर यादी जुनी असेल, सबस्क्राईबच्या खिडकीत रिफ्रेश दाबा. ग्रुप आहे पण उघडल्यावर यादी अर्धवट, पोस्टीवर क्लिक केलं की भलतीच उघडते, असं थंडरबर्डमध्ये झालं तर ग्रुपच्या प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर आहे.

लाईट गेली आणि पोस्ट अर्धवट

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, कूलर सगळ्यांचे चालू, आणि नेमकं सेंड दाबलं की लाईट जाते. राऊटर बंद, न्यूजरीडर म्हणतो पोस्ट गेली नाही. लगेच परत पाठवू नका. बरेचदा पोस्ट सर्व्हरला पोचलेली असते, फक्त "मिळाली" हे उत्तर तुमच्यापर्यंत आलेलं नसते. परत पाठवली आणि रीडरने तोच मेसेज-आयडी वापरला तर सर्व्हर ४४१ देऊन डुप्लिकेट म्हणतो, ही चांगली बातमी आहे, पहिली पोचली. पण रीडरने नवीन आयडी बनवला तर जगभर दोन कॉप्या फिरतात, आणि नंतर कॅन्सल करून त्या मागे घेता येतील अशी आशा ठेवू नका, कॅन्सल बरेच सर्व्हर ऐकतच नाहीत. आधी ग्रुप रिफ्रेश करा, दुसऱ्या सर्व्हरवर बघा, नाहीच दिसली तर मग पाठवा.

४४१ चं आणखी एक कारण जुन्या डेस्कटॉपवर हमखास दिसते: घड्याळ. मदरबोर्डवरचा बटन सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख पार मागे जाते, आणि फार जुन्या तारखेची किंवा एक दिवसापेक्षा जास्त पुढच्या तारखेची पोस्ट सर्व्हर घेत नाही. टीएलएस पण अशा वेळेस रुसते कारण सर्टिफिकेटची मुदत जुळत नाही, म्हणजे एकाच वेळेस सगळे सर्व्हर बंद पडल्यासारखे वाटते. सगळे सर्व्हर एकदम गेले की दोष आपल्या बाजूला असतो, घड्याळ नाहीतर नेट. सीताबर्डीत कोणत्याही घड्याळवाल्याकडे सीआर २०३२ सेल मिळते.

लाईटीचा त्रास फारच असेल तर लीफनोड बघा. लिनक्सवर चालणारा छोटा लोकल सर्व्हर आहे, तोच दोन-तीन बाहेरच्या सर्व्हरांकडून पोस्टी आणून तुमच्या मशीनवर ठेवतो आणि न्यूजरीडर फक्त लोकलहोस्टशी, म्हणजे तुमच्याच मशीनशी, बोलतो. नंबरही लीफनोडच देतो, त्यामुळे बाहेरचा सर्व्हर बदलला तरी न्यूजआरसी बिघडत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीवर निवांत वाचा. फक्त पहिल्यांदा ग्रुप उघडला की आत एकच पोस्ट दिसते, ती पण लीफनोडनेच ठेवलेली, याला बिघाड समजू नका. तुम्ही ग्रुप उघडल्याशिवाय तो आणायलाच सुरुवात करत नाही. ती पोस्ट वाचा, फेचन्यूज ही पोस्टी आणणारी कमांड चालवा, मग खऱ्या पोस्टी येतात. आणि साधारण आठवडाभर ग्रुपकडे पाहिलंच नाही तर तो आणणं बंद करतो, परत उघडला की परत सुरू.

मराठीत पोस्ट टाकताना

युझनेटवर सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी असा ग्रुप आहे, आणि तिथं देवनागरीत लिहायचं तर प्रत्येक अकाउंटमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे का बघा. पॅनमध्ये हे ग्रुपगणिक सेट करता येते. एका सर्व्हरवरून अक्षरं नीट आणि दुसऱ्यावरून चौकोन-चिन्हं असं दिसलं तर सर्व्हरला शिव्या देण्याआधी दोन्हीकडची कन्टेंट-टाईप हेडरची ओळ बघा, कॅरेक्टर सेट लिहिलेलाच नसेल तर रीडर अंदाज लावतो आणि चुकतो. थंडरबर्डमध्ये व्ह्यू मेनूत एन्कोडिंग दुरुस्त करायचा पर्याय आहे. आणि लांबच लांब पॅरा एका ओळीत सोडू नका. ओळीची मर्यादा ९९८ बाइट असते, देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खाते, काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे साधारण ३३० चिन्हांतच मर्यादा संपते. लाईन रॅप चालू ठेवा, बहात्तरच्या आसपास.

पहिली मराठी पोस्ट सरळ मोठ्या ग्रुपवर टाकू नका, मिस्क डॉट टेस्ट किंवा सर्व्हरच्या स्वतःच्या टेस्ट ग्रुपवर टाका. मिस्क डॉट टेस्ट वर टाकली असेल तर मग दुसऱ्या सर्व्हरवरून तीच पोस्ट उघडून बघा, विषयाची ओळ पण, कारण अक्षरं बहुतेक तिथंच आधी फाटतात.